परदेशी गेलेला तळीचा थाळा

मित्रांनो, मी एक जुना तांब्याचा थाळा आहे. वर्षातून एकदाच कामाला येणाऱ्याने आपले चरित्र सांगत बसावे का, हे मला अजून ठरवता आलेले नाही. पण माझ्यासमोर एका मुलीने जे केले ते मी सांगितले नाही, तर दुसरे कोणी सांगणार नाही. म्हणून धीर करतो.

माझा जन्म साताऱ्यात एका तांबटाच्या दुकानात झाला. त्याने मला तापवले, ठोकले आणि अंगभर बारीक मठारकाम केले. त्या ठोक्यांच्या खुणा अजून माझ्या अंगावर आहेत. पाटण तालुक्यातल्या एका शेतकरी घराने मला विकत घेतले, ते खंडोबाच्या तळीसाठी.

तळी म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. मार्गशीर्षात चंपाषष्ठीला माझ्यात विड्याची पाने, सुपारी, खोबऱ्याची वाटी आणि भंडारा, म्हणजे देवाची हळद, ठेवतात. मग पाच जण मला धरून तीनदा उचलतात आणि ‘सदानंदाचा येळकोट’ असा गजर करतात. नैवेद्य असतो वांग्याच्या भरिताचा आणि बाजरीच्या रोडग्याचा. आषाढापासून त्या दिवसापर्यंत वांगे खायचे नाही, असा नेम. या घराची रीत त्याहून कडक होती. तळीला पुढचा हात ज्याचा, म्हणजे जो पुढे होऊन तळी उचलतो, त्याने नेम मोडला तर त्याने भरल्या थाळ्याला शिवायचे नाही.

पुढचा हात नाथाजी आबांचा. आबा फौजेतून हवालदार होऊन आलेले. त्यांच्या हातात मी चमकायचो, लोक कौतुक करायचे. दुसऱ्या दिवशी मला पोत्यात गुंडाळून माळ्यावर ठेवायचे. तिथे मी हळूहळू काळा पडत असे. तक्रार नाही. सगळ्यांनाच रोज लागावे, असे माझ्यात काही नव्हते.

दोन वर्षांपूर्वी आबांची नात क्रांती साखरेचे तंत्रज्ञान शिकायला जर्मनीला निघाली. तिथे साखर बिटापासून करतात, हे ऐकून आबा म्हणाले, “बिटाची साखर? आन् मुंग्या लागत्यात व्हय तिला?” मग त्यांनी मला माळ्यावरून काढले. वयामुळे त्यांना आता थाळा पेलवत नव्हता.

“क्रांते, औंदा पुढचा हात तुझा. ह्यो थाळा घिऊन जा.”

तिचे चुलते, आप्पासो, हसले. “पोरीच्या हातात तळी? ती बी जर्मनीत? पाच माणसं तरी गावायची का तिला?”

“तुझा भाऊ सयाजी, पोरीचा बाप, तिकडं सरहद्दीवर. मग तू हो की पुढं,” आबा म्हणाले. “पर वांगं सुटंल का तुला पाच म्हैनं?”

आप्पासो मागे सरले. क्रांतीने मला कपड्यांच्या मध्ये ठेवले आणि म्हणाली, “आबा, मी नेम पाळीन.”

घरची तळी त्या वर्षी तिच्यावर होती. ती चुकली असती, तर तळी उचलली गेली नसती आणि आप्पासोंना जन्माचे बोलायला मिळाले असते.

जर्मनीत तिच्या वसतिगृहाच्या मजल्यावर एकच स्वयंपाकघर होते. मी तिथे फळीवर राहिलो. शेजारच्या खोलीतली सेलिन नावाची तुर्कस्तानची मुलगी माझ्यात संत्री ठेवू लागली. देवाच्या थाळ्यात फळे असावीत की नाही, मला समजेना. पण रोज कोणीतरी माझ्याकडे हात पुढे करत होते, हे मला आवडले, हेही कबूल करतो.

त्याच मजल्यावर सांगलीची अपूर्वा होती. ती क्रांतीला चिडवायची. “अगं, कृष्णाकाठची वांगी सोडलीस तर त्याला नेम म्हणायचं. इथलं हे बेचव वांगं सोडायला काय लागतं?”

कार्तिकात क्रांतीला ताप आला. दोन दिवस ती ब्रेड आणि चहावर होती. तिसऱ्या दिवशी सेलिनने तिला टेबलापाशी बसवले आणि पुढे एक गरम ताटली ठेवली. टोमॅटोत शिजवलेले, वर दह्याचा गोळा, काहीतरी मऊ मऊ. क्रांतीने खाल्ले, पुन्हा मागून घेतले. घर सोडल्यापासून ती इतक्या चवीने जेवली नव्हती. मग तिने विचारले, हे आहे तरी काय? सेलिनने आनंदाने फ्रिजमधून एक मोठे जांभळे वांगे काढून दाखवले. तिने साल काढून शिजवले होते, म्हणून ओळखू आले नव्हते.

क्रांतीचा घास हातातच राहिला. ती ताटली तशीच ठेवून उठून गेली. त्यानंतर ती सेलिनला टाळू लागली, खोलीत एकटी जेवू लागली. सेलिन दोनदा तिच्या दारापर्यंत जाऊन परतली. आपल्या हातच्या जेवणात काय बिघडले, हे त्या मुलीला कोणी सांगितले नव्हते.

“नको ना सांगूस घरी,” अपूर्वा म्हणाली. “सहा हजार किलोमीटरवरून आबांना वास येणार आहे का?”

“आबांना न्हाई येणार. मला येतोय,” क्रांती म्हणाली.

चंपाषष्ठीच्या सकाळी तिने मला लिंबू-मिठाने घासून लख्ख केले. मला वाटले, ती गप्प राहून तळी उचलणार. खरे सांगतो, तिने तसेच करावे, अशी माझीही इच्छा होती. वर्षातला माझा एकच दिवस होता. पण तिने मला टेबलावर ठेवले आणि घरी फोन लावला. पडद्यावर आबा, आजी शालूबाई आणि मागे आप्पासो दिसत होते.

“आबा, मी वांगं खाल्लं. ठावं नव्हतं. पण दोनदा घेतलं. ह्या भरल्या थाळ्याला हात लावायचा मला हक्क न्हाई.”

“तरी मी म्हणत हुतो!” आप्पासो म्हणाले.

“गप रं.” आबा पडद्याजवळ सरकले. “क्रांते, मी आसामात हुतो, तवा लंगरात, म्हंजी पलटणीच्या सैंपाकघरात, रोज वांगंच. भात-मिठावर ऱ्हायलो आन् आजारी पडलो. लंगरचा सरदारजी उशाशी बसून म्हणला, खा. मी खाल्लं. चंपाषष्ठीला मेसटिनच्या, म्हंजी जेवायच्या डब्याच्या झाकणात तळी भरली. त्यो सरदारजी, दोन तामिळी, एक बिहारी आन् मी.”

“आवं!” शालूबाई ओरडल्या. “आन् हितं चाळीस सालं मला वांग्याकडं बघू दिलं न्हाईसा?”

“सांगायचा धीर झाला न्हाई,” आबा म्हणाले. “पोरीला झाला. पुढचा हात तिचाच. आन् क्रांते, जिनं तुला तापात खाऊ घातलं, तिला बोलवून आण. शेजारी उभी कर.”

मित्रांनो, माझ्याशिवाय तळी होत नाही, असा माझा समज होता. तो एका डब्याच्या झाकणाने खोटा ठरवला. मला वाईट वाटले नाही. उलट हलके वाटले.

क्रांतीने सेलिनचे दार वाजवले. दोघी दारातच बराच वेळ बोलल्या. सेलिनचे डोळे पुसून झाल्यावरच आत आल्या. अपूर्वाने मजल्यावरच्या दोन मुलांना ओढून आणले. विड्याची पाने नव्हती, पालकाची ठेवली. पाच जणांनी मला तीनदा उचलले. सेलिनचा ‘येळकोट’ दर वेळी सगळ्यांच्या मागून एकटाच यायचा, आणि फोनमधून आबा तिच्यासाठी थांबून पुन्हा गजर करायचे. ओव्हनमध्ये भाजलेल्या वांग्यांचे भरीत त्या दिवशी उरले नाही.

तुमच्याही माळ्यावर असे एखादे जुने भांडे काळे पडत असेल. त्याला काढा, घासा, अधूनमधून वापरा. पण त्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसापाशी जरा बसा. त्याच्याही मनात काही चाळीस वर्षे पडून असेल. ते असे विचारून निघत नाही. आधी तुमची एखादी चूक त्याला सांगून बघा. मला घासायला नंतर वेळ मिळाला तरी चालेल.