गणू माळकऱ्याचा सॉस

गणूनं गळ्यात तुळशीची माळ घातली तेव्हा धसईच्या बाजारात दोघांनी नारळ फोडला. एकाचा जबडा गणूनं म्हसा गावच्या जत्रेत मोडला होता. दुसऱ्याचा मोडायचा राहिला होता. माळ म्हणजे मटण बंद, दारू बंद आणि मारामारी बंद. पैकी पहिल्या दोन गोष्टींशी लोकांना काही देणंघेणं नव्हतं.

माळेआधीचा गणू साधा माणूस होता. मनात आलं की मारायचा. जत्रेत बैलाच्या सौद्यावरून त्यानं एका दलालाचा अंगठा मनगटापर्यंत उलटा नेला होता. सख्ख्या मेव्हण्याला विहिरीत ढकलून वरून विचारलं होतं, पाणी किती आहे. माळ घातल्यावर मात्र कोणी आईवरून शिवी दिली तरी तो दात खाऊन 'राम कृष्ण हरी' म्हणे.

या बदलाचा सगळ्यात जास्त फायदा धाऊनं घेतला. दोघांची भातशेतं लागून होती. दर वर्षी चिखलणी करताना धाऊ मधला बांध गणूच्या बाजूला थोडा सरकवायचा. गणू बघायचा, माळ मुठीत धरायचा आणि घरी जायचा. माळ गणूच्या गळ्यात आहे पण राखते मला, असं धाऊ चारचौघांत सांगत असे, आणि लोक हसत. गणूही ऐकत असे.

मटण सुटलं आणि गणूच्या तोंडाची चव गेली. त्याची बायको कमळाबाई डाळभात वाढायची आणि तो ताटाकडे असा बघायचा की ती दोन पावलं मागे सरायची. मग एकदा मुरबाडच्या एसटी स्टँडवर समोशाबरोबर त्याला सॉस मिळाला. लाल, आंबट, गोड, वर थोडा तिखट. त्या दिवशी गणू घरी बाटली घेऊन आला. पुढे भाकरीवर सॉस, पिठल्यावर सॉस, वालाच्या भाजीवर सॉस. तोवर सॉस सगळ्याच तालुक्यात शिरला होता. ज्या पाड्यावर ॲम्ब्युलन्स चढत नाही तिथे सॉसची पुडी कधीच चढली होती. पण बाकीच्यांची ती चैन होती. गणूची माळ मात्र त्या बाटलीच्या आधारानं गळ्यात टिकली होती, आणि माळेच्या आधारानं धाऊची हाडं.

धाऊच्या नातवाचं जावळ होतं. भरदुपारी बोकड कापला, मांडव घातला. धाऊनं गणूला मुद्दाम बोलावलं. आमच्याकडे माळकऱ्यांची पंगत आधी बसते, मटणाची नंतर. गणू आधीच्या पंगतीत बसला, खिशातून बाटली काढली आणि वालावर ओतली.

शेजारी धाऊचा पुतण्या संदेश वाढायला उभा होता. तो शहापूरला कॉलेजात इतिहास शिकवतो. कोणी विचारलं नव्हतं, तरी त्यानं सांगितलं. सॉस म्हणजे केचप, आणि ते मुळात टोमॅटोचं नव्हेच. दक्षिण चीनकडचे लोक मासळी मिठात घालून मडक्यात मुरवत, तिला सुटलेलं पाणी म्हणजे केचप. इंग्रजांना ते आवडलं. त्यांनी घरी जाऊन अळंबीचं केलं, अक्रोडाचं केलं, कालवांचं केलं. टोमॅटो फार उशिरा आला, तो अमेरिकेत, आणि मग सगळं जग त्याच्या मागे लागलं.

गणूचा घास हातात राहिला.

"मासळीचं पाणी?"

"मुळात तेच, गणूकाका," संदेश खूश होऊन म्हणाला. कॉलेजात त्याला आजवर कोणी पुढचा प्रश्न विचारला नव्हता.

धाऊ भाताचं पातेलं टाकून धावत आला. त्यानं बाटलीवरचा हिरवा ठिपका दाखवला, संदेशला गाढव म्हटलं, गणूच्या पायाशी बसला.

"आता टोमॅटोच हाय रे दादा. आधी काय होतं त्याच्याशी आपल्याला काय? आज हाय ते खरं."

"बांधाचं पण तू असाच बोलतोस," गणू म्हणाला.

त्यानं माळ काढली, कपाळाला लावली, कमळाबाईच्या हातात दिली. इतकी वर्षं मासळीच खाल्ली, म्हणजे माळ कधीच तुटली होती, एवढं तो शांतपणे बोलला. मग हात धुतले आणि मटणाच्या पंगतीत जाऊन बसला. कमळाबाई माळ पदरात बांधून चुलीच्या मागे, जरा लांब, उभी राहिली.

आमच्याकडे पंगत एकदम उठते. शेवटच्या माणसाचं जेवण होईस्तोवर कोणी पानावरून हलत नाही. हलला तर यजमानाचा अपमान. यजमान धाऊ होता. त्याला हे आठवलं आणि त्याच्या जिवात जीव आला. त्यानं बादली घेतली आणि गणूला वाढायला लागला. नळी, कलेजी, पुन्हा नळी. गणूनं नाही म्हटलं नाही. इतक्या वर्षांची भूक होती. अखेर त्यानं पानावर हात आडवा धरला. धाऊ वाढतच राहिला. उकळता रस्सा त्या हातावरच पडला. गणूनं हात काढला नाही. फोड येताना दोघं बघत राहिले.

मग धाऊच्या डोक्यात आलं की गणूच कशाला, कोणीही जेवत असलं तरी चालेल. पंगतीच्या टोकाला बाईजा आजी होती, तोंडात दात नाहीत. धाऊ तिच्यापुढे जाऊन बसला. आजी घे, आजी अजून एक, आजी माझ्या गळ्याची शपथ. बाईजानं बराच वेळ चघळलं. सगळा मांडव तिच्या जबड्याकडे बघत होता.

"पुरे रे धाऊ," ती म्हणाली. "मला पण बघायचाय."

पंगत उठली. गणूनं चूळ भरली. पहिल्या तडाख्यात धाऊची बादली आणि पुढचे दात एकदम गेले. गणूनं त्याचं डावं मनगट गुडघ्यावर घेऊन मोडलं, सरपण मोडतात तसं, आणि तो पडल्यावर बरगड्यांत लाथा घातल्या. संदेश मधे पडला, तर त्याचा चष्मा चेहऱ्यातच फुटला. धाऊची बायको सकुबाई ओरडत होती. बाकीचे हात धुवायच्या रांगेत होते आणि रांग पुढे सरकत नव्हती.

गणू थांबला तो दमला म्हणून. पहिल्यासारखा दम राहिला नव्हता.

"दादा," धाऊ मातीतून म्हणाला, "झाला का? माळ घाल आता."

"नाय. पाय राहिला. ज्या पायानं बांध तुडवतोस तो." गणू धापा टाकत होता. "उद्या येतो. पुरता झाला की मग घालीन."

धाऊनं विचार केला. उद्या म्हणजे रात्रभर वाट बघणं. आणि माळेविना गणू एकदा उद्यावर गेला की परवाही येईल.

"उद्या नको," तो म्हणाला. "आताच कर, आणि सांजच्याला बुवाकडं जा. घालशील ना माळ?"

"घालीन."

मांडवामागे बोकड कापलेला ओंडका होता. धाऊ सरपटत तिथवर गेला आणि शाबूत हातानं स्वतःचा पाय उचलून त्याच्यावर ठेवला.

"सॉस नको खाऊ आता," तो म्हणाला, आणि डोळे मिटले.