गिऱ्हाइकाने आवाज सांगू नये

नर्सबाई तिसऱ्यांदा गाडी घेऊन आल्या, तीही ढकलत, तेव्हा मिस्त्रींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चालू गाडी ढकलत आणायचं कारण काय? चारचौघांत तमाशा, दुसरं काय. बाई म्हणाल्या की इंजिनच फुटेल अशी भीती वाटली. मिस्त्रींनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. हल्ली त्यांना ते फार सोपं जायचं.

गाडी म्हणजे जुनी मोटारसायकल, बाईंच्या वारलेल्या थोरल्या भावाची. तिच्यावरून बाई घरोघर जाऊन आजाऱ्यांच्या जखमा धूत, इंजेक्शनं देत. मागे दोनदा मिस्त्रींनी आवाजाचं निदान केलं होतं: टॅपेट. इंजिनाच्या डोक्यातली फट वाढली की ते टकटकतं. जुन्या गाडीत दहातल्या सात वेळा दुखणं तेच. दोन्ही वेळा मिस्त्रींच्या मुलीने फट नीट करून दिली होती. आवाज होता तिथेच होता.

गॅरेजच्या भिंतीवर एक पाटी होती. तीस वर्षांपूर्वी मिस्त्रींनी स्वतः रंगवलेली: ‘गिऱ्हाइकाने आवाज कसा येतो ते सांगू नये. आम्ही ऐकतो.’ कारण लोक काय वाटेल ते सांगतात. एकाच्या इंजिनात मांजर ओरडतं, दुसऱ्याच्या इंजिनात भांडी पडतात. मिस्त्री मोठ्या स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावत, मूठ कानामागच्या हाडाला, डोळे मिटत आणि बिघडलेल्या भागाचं नाव सांगत. त्या कानासाठी लोक लांबून गाड्या आणायचे. पुढे हात थरथरू लागले तशी पाने-हातोडी मुलीकडे गेली, त्यालाही दहा वर्षं झाली. कान तेवढा त्यांच्याकडे राहिला होता. तोही गेला तर या माणसाने गॅरेजात करायचं काय, स्टूल उबवायचं?

आणि तो चालला होता. वर्षभर त्यांना ते ठाऊक होतं. आधी दाराची बेल गेली, मग पाहुण्यांचं बोलणं. सगळं जग तोंडातल्या तोंडात पुटपुटतं असं म्हणून ते घरात सगळ्यांवर खेकसत. मनातून घाबरले होते, पण त्यांना घाबरण्यापेक्षा चिडणं जास्त जमायचं.

मुलीने गाडी चालू केली. “ऐका, बाबा.” मिस्त्रींनी मूठ कानामागे धरली. भिंतीपलीकडे शेजारी भांडत असावेत असं काहीतरी अस्पष्ट. “टॅपेटच,” ते म्हणाले. “पाव फेरा कस.”

मुलीने इंजिन बंद केलं, वरचं झाकण उघडलं, पाठमोरी होऊन काही वेळ खुडबुड केली आणि गाडी पुन्हा चालू केली. “आता?”

“गेला,” मिस्त्री म्हणाले. “बघा बाई, कशी लोण्यासारखी चालते.”

बाईंनी मान खाली घातली. शेजारचा शिंपी मशीन सोडून दारात आला होता आणि त्याची दोन्ही बोटं कानांत होती. मिस्त्रींना ती बोटं दिसली. मुलीने इंजिन बंद केलं.

“मी टॅपेट कसलं नाही, बाबा. पार सैल सोडलंय.”

मिस्त्रींनी स्क्रूड्रायव्हर फेकला, तो डब्यांवर आदळला. बापाची परीक्षा घेतेस, परक्यासमोर घेतेस, असं बरंच काही ते बोलले. एरवी ती गप्प बसली असती. आज बसली नाही.

“वर्षभर तुम्ही अंदाजपंचे नाव सांगता आणि तुम्ही घरी गेलात की मी खरा बिघाड शोधत बसते. या गाडीचा सापडला नाही. मला आवाज येतो, पण तो कशाचा ते कळत नाही. तुम्ही मला हात शिकवलात, कान स्वतःकडे ठेवलात.”

हे खरं होतं, म्हणून मिस्त्री जास्तच भडकले. ते तरातरा दाराकडे निघाले. वाटेत बाई उभ्या होत्या, त्या हलल्या नाहीत.

“मला सकाळी सात घरं करायची आहेत, मिस्त्री. एका आजोबांची पट्टी काल राहिलीये. तुमचं भांडण नंतर करा.”

“मग सांगा ना,” मिस्त्री ओरडले, “तुम्हीच सांगा कसा येतो आवाज.”

त्यांनी ते टोमणा म्हणून म्हटलं होतं. बाई मात्र महिनाभर ते पोटात घेऊन फिरत होत्या. “खडखड. उजवीकडून, गाडी उभी असताना. क्लच दाबला की थांबतो, सोडला की पुन्हा सुरू.”

“क्लच दाबला की थांबतो?”

“हेच पहिल्या दिवशी सांगत होते. तुम्ही पाटीकडे बोट दाखवलंत.”

मिस्त्री जागच्या जागी उभे राहिले. याला कान कशाला लागतो? क्लच बिघडलाय हे शेंबडं पोर सांगेल. दोनदा डोकं उघडलं आणि दुखणं होतं पायाशी. त्यांना लाज वाटली, इतकी की बाईंकडे बघवेना. मग मुलीकडे बघून ते खेकसले, “ऑइल काढ. उजवं कव्हर उघड. क्लचची वाटी हलवून बघ.”

वाटी पडायला आलेल्या दातासारखी हलत होती. तिचे रिवेट सैल झाले होते. माळ्यावरच्या जुन्या इंजिनातली एक चांगली वाटी मिस्त्रींनी स्वतः शोधून दिली. मुलीने ती बसवली, टॅपेटची फट पुन्हा बरोबर केली, ऑइल भरलं आणि किक मारली. बाई वाकून ऐकू लागल्या आणि वाकलेल्याच हसल्या. मिस्त्रींना ते हसू दिसलं. बाकी काही ऐकू आलं नाही.

त्यांनी डब्यांमागून स्क्रूड्रायव्हर उचलला, टोक इंजिनाच्या डोक्यावर टेकवलं आणि मूठ मुलीच्या कानामागे धरली.

“डोळे मीट. काय येतंय?”

“टिकटिक. बारीक, एकसारखी.”

“ते टॅपेट. तेवढं वाजायलाच हवं, गप्प झालं तर व्हॉल्व्ह जळतो.” त्यांनी टोक चार बोटं खाली सरकवलं. “आता?”

“आता काही विशेष नाही.”

“विशेष नाही म्हणजे काय? कसा येतोय ते नीट सांग,” मिस्त्री रागाने म्हणाले आणि तिच्या ओठांकडे बघत राहिले.