खालच्या आळीची बुटकी दारं

बसमधून बत्तीस माणसं उतरली आणि त्यांतली एकोणतीस सनावळीकाकांच्या मागे गेली. यात नवल काहीच नव्हतं. काकांच्या गळ्यात पालिकेचा बिल्ला होता, हातात लाल छत्री होती आणि जिभेवर सन होते. या माणसाला 'कसे आहात?' विचारलं तरी तो कधीपासून ते आधी सांगायचा.

उरलेली तीन माणसं टपालबाईंच्या वाट्याला आली. त्यांतल्या एका म्हाताऱ्या जोडप्याचे गुडघे किल्ला चढायला तयार नव्हते. तिसरे गृहस्थ इतके उंच होते, की बसच्या दारात त्यांचं डोकं आपटलं होतं आणि ते अजून कपाळ चोळत होते. थोडक्यात, पसंतीनं कुणीच आलं नव्हतं.

सहल कंपनीच्या मॅडम बसच्या पायरीवर उभ्या राहून काका आणि टपालबाई दोघांनाही स्पष्ट म्हणाल्या होत्या, "माझा हिशेब सोपा आहे. प्रवासी हवं त्याच्यामागे जातील, मधेच बदलतील, माझी ना नाही. चार वाजता ज्याच्याभोवती जास्त डोकी, त्याच्याकडे पूर्ण हंगामाचं काम."

काकांचा हंगाम गेला असता तर फार तर छत्री मिटावी लागली असती. टपालबाईंचं तसं नव्हतं. तेहतीस वर्षं गावभर टपाल वाटून त्या निवृत्त झाल्या, तेव्हापासून त्यांच्या मनात एकच होतं: लोकांना आपलं गाव दाखवायचं. मार्गदर्शकाच्या लेखी परीक्षेला त्या दोनदा बसल्या आणि दोन्ही वेळा सनांनी त्यांचा घात केला. कंपनीनं निवडलं तर परीक्षा माफ, असं पालिकेच्या कारकुनानं सांगितलं होतं. वर हेही सांगितलं होतं, की तिसरा अर्ज घेणार नाही. म्हणजे आजचा दिवस गेला की संपलंच.

"हे गाव कधी वसलं?" आजींनी विचारलं.

"तो सन मला पाठ नाही," टपालबाई म्हणाल्या.

"बरं झालं," आजोबा म्हणाले. "सकाळपासून नऊ ऐकलेत. आता जागा नाही."

टपालबाई तिघांना घेऊन खालच्या आळीत शिरल्या. समुद्राला लागून दोन्ही बाजूंना दगडी घरं, मधे अरुंद फरसबंदी. पाय सवयीनं चालले: आधी डावीकडचं पहिलं दार, मग दुसरं, मग तिसरं. तिसऱ्या दाराशी त्यांनी झोळीत हात घातला, वाकल्या, आणि दाराच्या फटीत टाकायला हातात काहीच नाही हे लक्षात आल्यावर तशाच थांबल्या. बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आजींनी मात्र भलतंच पाहिलं. "अहो, पत्रं टाकायची फट इतकी खाली? गुडघ्यापाशी?"

"सगळ्या आळीत तशीच. तेहतीस वर्षं वाकले मी. डॉक्टर म्हणतात, तुमची पाठ म्हणजे या आळीचा नकाशा आहे."

"पण कुठला सुतार असली फट पाडेल?" उंच गृहस्थ म्हणाले.

बाई उत्तर देणार, तोच आळीच्या तोंडाशी लाल छत्री दिसली. किल्ल्यावर जायची वाट याच आळीतून होती. काकांच्या मागची रांग आताच विस्कटली होती; शेपटाकडची माणसं एकमेकांच्या चपलांच्या किमती विचारत होती. मॅडम वही घेऊन सगळ्यांच्या मागे होत्या.

"ही दारं पाहा," काका छत्री रोखून म्हणाले. "जेमतेम खांद्याइतकी! पूर्वी माणसंच बुटकी असत."

लोक हसले, दोघांनी दाराशेजारी उभं राहून फोटो काढले. टपालबाईंच्या तोंडून निघून गेलं, "नव्हती हो बुटकी."

काका थांबले. "काय म्हणालात?"

"माणसं नव्हती बुटकी. रस्ता वर आलाय."

"पुरावा?" काकांनी इतक्या गोड आवाजात विचारलं, की मॅडमनी वहीतून मान वर केली.

पुरावा चार दारं पुढे होता आणि त्याच्या आत नणंद होती. ही अडचण टपालबाईंना कोणत्याही सनापेक्षा मोठी वाटत होती. तरी त्यांनी स्वतःच्याच घराचं दार वाजवलं.

"वन्सं, जरा पाहुणे आणलेत."

दार उघडलं. नणंदेचे हात कोपरापर्यंत साबणात होते. तिनं बाहेरच्या गर्दीवरून नजर फिरवली. "हे जरा? वहिनी, तुमचं टपाल संपलं म्हणून आता माणसं टाकणार का घरात?"

"पाचच मिनिटं."

"माझं धुणं पडलंय पसरून. या कपड्यांची इभ्रत काय राहील?"

"आमच्या घरीही तसलेच असतात हो," आजी मागून म्हणाल्या. नणंदेला हसू आलं आणि बाजूला व्हावं लागलं.

उंच गृहस्थ वाकून आत शिरले आणि लगेच खाली गेले. आत पाच पायऱ्या उतरत होत्या. तळाशी पोचून ते वळले, पायऱ्यांच्या बाजूनं दाराशी आले आणि चौकटीला टेकून ताठ उभे राहिले. चौकट थेट खालच्या जमिनीपर्यंत आली होती. डोक्यावर त्यांनी हात उंच केला तेव्हा कुठे बोटं वरच्या लाकडाला लागली.

"अरे वा!" ते म्हणाले. "गावात पहिल्यांदाच ताठ उभा राहिलोय मी!"

जागा मिळेल तसे लोक आत आले, उरलेले रस्त्यावर वाकून खिडकीतून डोकावले. एरवी आतून त्या खिडकीत रस्त्यावरची फक्त पावलं दिसायची.

टपालबाईंचा आवाज आता चढला. "आमच्या आजेसासऱ्यांच्या तरुणपणी समुद्र आळीत शिरला, महिनाभर पाणी हटेना. तेव्हा लोकांनी रस्ता कमरेइतका भरून काढला आणि दारांचा खालचा भाग त्यात गाडला गेला. फट तेव्हा छातीशी होती. आता एवढा भराव आणला कुठून? तर किल्ल्याचा समुद्राकडचा तट फोडून."

"तो तट शत्रूच्या तोफांनी पडला!" काका पायरीवरून ओरडले. "पालिकेच्या पुस्तकात छापलंय!"

"आपलाच तट आपण फोडला, हे पालिका छापेल का, काका?"

खोलीत खसखस पिकली. बाईंनी नणंदेचा धुण्याचा दगड दाखवला. त्याच्या एका काठावर अर्धगोल खाचा ओळीनं होत्या. एकीत साबणाची वडी बसवलेली होती. "हा भरावातलाच उरलेला. पहारीनं भोकं पाडायची, पाचर ठोकायची, की दगड मधोमध फुटतो. भोकाचा अर्धा भाग इकडे येतो. दुसरा अर्धा किल्ल्यावर असणार. चला, बघू."

आणि आता एक गंमत झाली. 'चला' म्हटल्यावर सगळे निघाले. काकांची एकोणतीस माणसं छत्रीला ओलांडून गेली. गुडघेवाले आजोबासुद्धा म्हणाले, "मी हळूहळू येतो, पण माझ्याशिवाय बघू नका."

चढावर टपालबाई सगळ्यांच्या पुढे होत्या, आणि वर काय दिसणार हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. खाचांची गोष्ट त्यांना सासूबाईंनी सांगितली होती. तटाचं ते टोक त्यांनी जवळून कधीच पाहिलं नव्हतं. किल्ल्यावर कुणाचं टपाल येत नव्हतं. तिथे काही नसेल तर बत्तीस माणसांसमोर शोभा होणार होती.

तटाचं तुटकं टोक झुडपांत होतं. उंच गृहस्थांनी फांद्या बाजूला केल्या. सगळे वाकले.

खाचा होत्या. एकीखाली एक, आखल्यासारख्या, सात. प्रत्येकीत अंगठा बरोबर बसत होता.

मग आजी म्हणाल्या, "तोफ एवढी शिस्तीची नसते हो." आणि असा हशा आणि अशा टाळ्या उठल्या, की तटावरचे पक्षी उडाले. काकांनी छत्री मिटली, गुडघे टेकले आणि एका खाचेत बोट घालून पाहिलं. बराच वेळ त्यांनी ते काढलं नाही.

"पस्तीस वर्षं तोफा सांगतोय मी," ते हळूच म्हणाले. मग उठून, धूळ झटकून, "पुढे काय आहे, टपालबाई?"

खाली बसचा भोंगा वाजला. चार वाजले होते. कुणी हललं नाही. मॅडमनी पेन्सिलीनं डोकी मोजली, भुवया उंचावल्या, पुन्हा मोजली.

"चौतीस? बसमध्ये तर बत्तीस होते."

"तेहतिसावा मी," काका म्हणाले.

"आणि चौतिसावी मी," मागून धापा टाकत आवाज आला. नणंद होती, हातावरचा साबण तसाच वाळलेला. "आजोबा माझे, दगड माझा, आणि सांगणार या! म्हटलं, बघू तरी खरं सांगतात का."

"मग?" मॅडमनी वही मिटत विचारलं. "सांगतात का?"

नणंदेनं खाचांकडे पाहिलं, वहिनीकडे पाहिलं आणि कमरेवर हात ठेवून सगळ्या मंडळींना ऐकू जाईल असं म्हणाली, "खरं-खोटं काय विचारता, बाई? हंगाम यांच्या नावावर लिहून टाका. आमच्या वहिनींनी आजवर एकही पत्र चुकीच्या दारात टाकलेलं नाही."

मॅडम हसल्या आणि ड्रायव्हरला फोन लावून म्हणाल्या, "इंजिन बंद कर. आम्हाला अजून तासभर लागेल."