बाहेरून आणलेले टॉवेल

थोरल्या सुनेला या सगळ्यातून एकच गोष्ट मिळवायची होती, ती म्हणजे सासूबाईंच्या हातातल्या सोन्याच्या बांगड्या. जी सून जास्त जीव लावेल तिला त्या मिळतील, असं सासूबाईंनी जाहीरच करून टाकलं होतं. धाकटी त्यांच्याच घरात राहायची, त्यामुळे तिला जीव लावायला जिन्यावरून उतरलं तरी पुरे. थोरली परदेशात. तिला जीव बॅगेत भरून न्यावा लागे.

दर सुट्टीला ती ‘बाहेरच्या’ वस्तू न्यायची. टॉवेल, उशांचे अभ्रे, घट्ट झाकणांचे डबे. वस्तू बाहेरच्याच होत्या, त्यात खोटं काही नव्हतं. दुकान तेवढं घरचं होतं. सासूबाईंच्या गल्लीच्या तोंडाशी ज्या दुकानाची शाखा होती, त्यानेच थोरलीच्या घरामागे दुसरी शाखा काढली होती आणि तिथे सगळं स्वस्त मिळे. किमतीची चिठ्ठी ती कोमट पाण्याने अलगद सोडवून टाकायची. प्रेमावर किंमत लिहिलेली बरी दिसत नाही.

यंदा सासूबाईच राहायला आल्या, बांगड्यांसकट. थोरली त्यांना रोज दुकानाच्या उलट दिशेला फिरायला न्यायची. "इकडची हवा चांगली आहे, आई." सासूबाई चढावर धापा टाकत ती हवा घ्यायच्या.

पण नवऱ्याला गुपित सांगितलं तर पचत नाही आणि न सांगितलं तर कळत नाही. थोरलीने सांगितलं नव्हतं. रविवारी तो म्हणाला, "आई, चल, तुला एक गंमत दाखवतो."

दुकान होतं तसंच होतं. त्याच पिवळ्या टोपल्या, दारातच रचलेल्या बादल्या, तोच फिनेलचा वास. नवऱ्याचे डोळे भरून आले. घरी असताना तो याच दुकानाला नाक मुरडायचा. इथे एका प्लास्टिकच्या मगावरून त्याने असा हात फिरवला, जणू देवळात आला आहे.

"टॉवेल वरच्या मजल्यावर असतील," सासूबाई कुणालाही न विचारता म्हणाल्या आणि जिन्याकडे वळल्या.

"वर काही नाही हो, आई! नुसते लहान मुलांचे कपडे आहेत."

"बघू तरी."

वर टॉवेलच होते. सासूबाईंनी निळ्या काठाचा एक उचलून उलगडला. आतल्या शिवणीत दुकानाची पिवळी पट्टी होती. चिठ्ठ्या सोडवणाऱ्या थोरलीला ती आजवर दिसलीच नव्हती. तिचा चेहरा उतरला.

"अगं, घाबरतेस काय? मला पहिल्यापासून माहीत आहे."

"मग बोलला नाहीत कधी?"

"काय बोलायचं? एवढ्या प्रेमाने आणतेस. आणि आपल्या शाखेत बदलून देतात की! धाकटी नेते मला हात धरून. मागच्या खेपेच्या टॉवेलांची छान कढई आली."

थोरलीने मनातल्या मनात सुस्कारा सोडला. सासूबाई रागावल्या नव्हत्या, म्हणजे अजून काही हातचं गेलं नव्हतं. "आई, आज तुम्हाला हवं ते घ्या," ती उदारपणे म्हणाली. सासूबाईंनी तिचं मन मोडलं नाही. दोन टोपल्या भरल्या.

पैसे भरायच्या जागेपाशी पुठ्ठ्यांवर सोनेरी बांगड्या टांगल्या होत्या. वेलीची नक्षी, टोकाला बारीक फूल. थोरलीने पुठ्ठ्याकडे पाहिलं, मग सासूबाईंच्या मनगटाकडे, मग पुन्हा पुठ्ठ्याकडे.

"आई, या..."

"हुबेहूब आहेत ना? आपल्या शाखेतही अशाच काउंटरपाशी टांगतात. खऱ्या दिल्या धाकटीला. प्रवासात सोनं कोण घालतं?"

"आणि मला एका शब्दाने सांगितलं नाहीत!"

"तू तरी टॉवेलांचं कुठे सांगितलंस?"

"काय गं, कसली कुजबुज?" नवरा हसत मागून आला. "सांगितलं नव्हतं, आईला मजा येईल म्हणून?"

धाकटीला सोनं मिळालं, सासूबाईंना कढई आणि दोन टोपल्या सामान. थोरली उसनं हसू आणून उभी होती. काउंटरवरच्या मुलीने रक्कम सांगितली, तशा दोघी एकदम त्याच्याकडे वळल्या. आजवरचे सगळे टॉवेल त्याच्याच पगारातून आले होते. हेही पैसे त्यानेच भरले, आणि वर भरल्या गळ्याने मुलीचे आभार मानले.