कारणाची ओळ

दर शुक्रवारी दुपारी चारच्या सुमाराला आठ संघांतली चाळीस माणसं कामावर असून कामात नसायची. बेकरीतली भट्टीपाशी, बँकेतली काउंटरखाली फोन धरून, छापखान्यातली शाईच्या हातांनी, सगळी थोरल्याच्या फोनवर येणाऱ्या कागदाची वाट बघत असायची. कागदाच्या वरच्या अर्ध्या भागात गेल्या रविवारचे निकाल, खालच्या अर्ध्यात येत्या रविवारचे अंदाज. त्याचीच छापील प्रत संगणक-वर्गाच्या दारावर चिकटवलेली असे, कारण सामने तिथेच व्हायचे. पाच विरुद्ध पाच. पडद्यावरच्या एका ओसाड कारखान्यात एकमेकांना हुडकून टिपायचं, आणि आधी दहा फेऱ्या जिंकेल तो संघ जिंकला. सगळा हौसेचा मामला. पण हौसेची माणसं किती मनावर घेतात ते ज्याने बघितलंय त्यालाच माहीत.

थोरला स्वतः खेळत नसे. त्याची नोकरी कान तपासण्याच्या केंद्रात. माणसाला काचेच्या खोलीत बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, हातात बटण द्यायचं, आणि बाहेर बसून एकेक आवाज सोडायचा. ऐकू आलं की आतला माणूस बटण दाबतो. दिवसभर अशी शांतता सांभाळणारा हा माणूस रविवारी मात्र वर्गाच्या मागच्या भिंतीला टेकून सगळे सामने बघायचा, वहीत खुणा करायचा. लोक त्याला ज्योतिषीबुवा म्हणत.

पहिले तीन आठवडे त्याने नुसतं कोण जिंकणार तेवढंच लिहिलं. तिसऱ्या रविवारी बँकेच्या संघाचा कप्तान, जो बँकेत रोखपाल होता, भर वर्गात म्हणाला, "अहो, नाणं उडवूनसुद्धा एवढं सांगता येतं. कारण लिहा की!"

त्याच्या पुढच्या कागदापासून प्रत्येक अंदाजाखाली एक कारणाची ओळ आली, आणि कागदाला खरी चव आली ती तेव्हापासून. 'दवाखाना विरुद्ध छापखाना: दवाखाना जिंकेल. कारण: छापखान्याचे दोन गडी एकमेकांशी बोलत नाहीत आणि हे कुणाला कळलं नाही असं फक्त त्या दोघांना वाटतं.' 'बेकरी विरुद्ध पाणीपुरवठा: बेकरी. कारण: पाणीपुरवठ्याचा कप्तान जिंकत आला की बोलायला लागतो.' लोक हसायचे, ज्याच्यावर लिहिलं तो चडफडायचा, आणि रविवारी नेमकं तसंच व्हायचं. कारणं लिहायला लागल्यापासूनचे चार आठवडे, सोळा सामने, सोळाच्या सोळा अंदाज बरोबर. थोरला वरवर म्हणे, "योगायोग हो." आतून मात्र तो आकडा त्याने जपून ठेवला होता.

थोरल्याचा धाकटा भाऊ लिफ्टदुरुस्तीच्या कामावर होता आणि लिफ्टवाल्यांच्या संघात खेळायचा. त्याला सगळे ससा म्हणत. दात पुढे होते म्हणून नव्हे, कान होते म्हणून. त्या खेळात शत्रू दिसायच्या आधी ऐकू येतो; पत्र्यावर पाऊल पडलं, काच चुरली, की कळतं कोण कुठून येतोय. बाकीच्यांना ते कळायचं तोवर ससा बोलून मोकळा झालेला असायचा: "दोघं, वरच्या मजल्यावर, जिन्याकडे." डोळे मिटून सांगायचा. सात वर्षं हे पाच जण एकत्र खेळत होते, आणि सात वर्षं त्यांचं निम्मं बळ सशाच्या दोन कानांत होतं.

सातव्या आठवड्यात ससा तीन वेळा चुकला. तिन्ही वेळा शत्रू उजवीकडून आला होता. संघाचा कप्तान, लिफ्टवाल्यांचा मुकादम, म्हणाला, "झोप झाली नाही वाटतं पोराची." सामना कसाबसा जिंकला, संघ उपांत्य फेरीत गेला, आणि सगळे ती गोष्ट विसरले. ससा विसरला नाही.

सोमवारी मधल्या सुट्टीत तो केंद्रात आला. "दादा, मला जरा त्या खोलीत बसव."

"तुला काय धाड भरलीय?"

"बसव तर."

थोरल्याने बसवलं. डावा कान आधी. ससा पटापट बटण दाबत गेला, बारीकात बारीक आवाजालाही. मग उजवा. खालचे, जाड आवाज त्याने बरोबर टिपले. थोरला वर वर सरकत गेला. बटण थांबलं. थोरल्याने आवाज वाढवला. मग आणखी वाढवला. काचेतून सशाचा अंगठा दिसत होता, बटणावर तयार ठेवलेला, शर्यतीला उभ्या राहिलेल्या मुलाच्या पायासारखा.

"पुढचं सुरू केलंस का रे?" आतून सशाने विचारलं.

पुढचं सुरू करून दीड मिनिट झालं होतं.

दुसऱ्या दिवशी थोरला त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेला. लिफ्टच्या यंत्रखोल्यांमधला इतक्या वर्षांचा गोंगाट, डॉक्टर म्हणाले. गेलं ते परत येणार नाही. बोलणं ऐकू येईल, काम करता येईल, यापुढे कानांना जपा; पण बारीक आवाज उजव्या बाजूने आता विसराच.

उतरताना जिन्यात ससा थांबला. "दादा, रविवारपर्यंत कुणाला बोलू नकोस. सामना झाला की मी सांगतो सगळ्यांना. हरलो तरी आणि जिंकलो तरी."

"आधीच सांगितलंस तर?"

"तर बाहेर बसवतील. मायेने बसवतील, तेच नकोय मला." तो कठड्यावरचा रंग नखाने खरवडत होता. "सात वर्षं मी त्यांचा कान आहे रे. हे त्यांना माझ्याकडून कळलं पाहिजे. दुसऱ्या कुणाकडून कळलं तर मी त्यांना इतके दिवस फसवत होतो असं होईल."

"माझ्या तोंडून जाणार नाही," थोरला म्हणाला.

"वहिनीलाही नको."

"तिलाही नाही."

आणि त्याच्या तोंडून गेलंही नाही, हे त्याच्या बाजूने म्हणायला हवं.

गुरुवारी संध्याकाळी घरी जाताना कोपऱ्यावरच्या दुकानात त्याला रोखपाल भेटला. रविवारी बँकेची गाठ लिफ्टवाल्यांशीच होती. रोखपाल हातातल्या पिशव्या सावरत हसला. "काय ज्योतिषीबुवा, उद्या घरच्या लेकराला जिंकवणार ना?"

"मी असलं कधी केलंय?"

"छे छे! पण आजवर तशी वेळ कुठे आली होती? लीगमध्ये सशाचा सामना सोपा असायचा, तुम्ही खरं लिहिलंत, तो जिंकला. आता समोर आम्ही आहोत." मग त्याने आवाज मऊ केला. "वाईट वाटून घेऊ नका हो. सख्खा भाऊ आहे. आम्ही समजून घेऊ, हसून सोडून देऊ."

एवढंच. 'हसून सोडून देऊ' हे शब्द घेऊन थोरला घरी आला, आणि ते त्याला रात्रभर टोचत राहिले. कुणी शिवी दिली असती तर त्याने झटकून टाकली असती. ही समजूत त्याला झटकता येईना. सरळ माणसाला आपल्या सरळपणाचाही एक अभिमान चढतो, आणि देव जाणे, इतर कुठल्या नशेला त्याने कधी हात लावला नसला तरी ही नशा त्याला पुरती चढलेली असते.

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत तो रिकाम्या केंद्रात लिहायला बसला. निकाल उतरवले. दुसऱ्या उपांत्य सामन्याचा अंदाज लिहिला. मग लिफ्टवाले विरुद्ध बँक. लिफ्टवाले जिंकतील असं लिहावं तर ते खोटं. सशाच्या कानांचा आलेख त्याने स्वतःच्या हाताने काढला होता. बँक, असं लिहिलं. आता कारण. 'बँकेचा सराव चांगला झाला आहे.' खोडलं, बँकेची माणसं महिनाअखेरीच्या कामात बुडालेली होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. 'लिफ्टवाल्यांचा सूर हरवला आहे.' हेही खोडलं. हे कसलं कारण, असं तर कुणीही लिहील. या वेळी कारणाची ओळ रिकामी सोडता आली असती. तसं झालं असतं तर लोकांनी दोन टोमणे मारले असते, रोखपालाने हसून सोडून दिलं असतं.

चार वाजता कागद गेला. 'लिफ्टवाले विरुद्ध बँक: बँक जिंकेल. कारण: लिफ्टवाल्यांची उजवी बाजू उघडी आहे.'

पाच मिनिटांत त्याचा फोन वाजला. सशाचा निरोप होता. "दादा, उजवी बाजू म्हणजे नकाशाची ना?"

 बाहेर एक आजोबा तपासणीसाठी ताटकळत होते. थोरल्याने लिहिलं, "हो, नकाशाचीच. तिकडचं गोदाम सांभाळा." आणि आजोबांना आत बोलावलं.

रविवारी वर्ग गच्च भरला होता. सशाने भावावर विश्वास ठेवून नकाशाच्या उजवीकडच्या गोदामावर दोन गडी ठेवायला मुकादमाला सांगितलं होतं. ते दोघे तिथे राखण करत बसले, आणि पहिल्या दोन फेऱ्या सोडल्या तर बँकेची माणसं गोदामाकडे फिरकलीसुद्धा नाहीत. पहिल्या दोन फेऱ्यांत रोखपालाने इकडून तिकडून चाचपून पाहिलं. तिसऱ्या फेरीपासून त्याला वाट सापडली. ससा जिकडे तोंड करेल त्याच्या उजव्या हाताने यायचं, बस.

"ससा, कुठून येतायत?" मुकादम ओरडत होता.

"डावीकडे कुणी नाही," ससा म्हणत होता.

"अरे, उजवीकडचं सांग!"

"उजवीकडेही... नाही वाटतं."

तेवढ्यात त्याचा पडदा लाल व्हायचा. दहा विरुद्ध दोन. थोरला भिंतीला टेकून उभा होता. त्या दिवशी त्याच्या वहीत एकही खूण झाली नाही.

सामना संपल्यावर खुर्च्या सरकल्या, गलका झाला. लिफ्टवाल्यांतल्याच एकाने वैतागून विचारलं, "तुम्हाला सुचलं तरी कसं हो हे?"

रोखपाल मोकळेपणाने म्हणाला, "आमचं डोकं कसलं! ज्योतिषीबुवांच्या कागदावर चाललो. आम्हाला आधी वाटलं नकाशाची उजवी..." बोलता बोलता तो थांबला. त्याने भिंतीजवळच्या थोरल्याकडे पाहिलं, मग हेडफोनची वायर गुंडाळत बसलेल्या सशाकडे. "भाऊ कान तपासतात," तो हळूच म्हणाला. "अच्छा!"

माणूस दुष्ट नव्हता. जिंकलेला होता. तो वाकून सशाच्या उजव्या कानाशी गेला आणि नुसत्या श्वासाने कुजबुजला, "पळ, आग लागलीय." ससा वायर गुंडाळत राहिला. "सशा, शेपटीला लागलीय." कुणीतरी फस्सकन हसलं, मग सगळेच हसले. ससाही मान वर करून हसला, कारण सगळे हसत होते. मग त्याने एकेकाचा चेहरा पाहिला आणि मान वळवली, तेव्हा रोखपालाचं तोंड त्याला अगदी खांद्याशी दिसलं.

हसणं थांबलं. मुकादम जवळ आला, सशाच्या डाव्या बाजूने. "खरं का रे?"

"आज सांगणारच होतो. आत्ताच."

"आता काय सांगतोस?" मुकादमाच्या आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. "कागदात वाचलं की आम्ही. चाळीस जणांनी वाचलं, आणि शेवटी आम्हाला कळलं. आम्ही परके होतो का?"

"मुकादम, आज सामना झाल्यावर मी—"

"राहू दे. पुढच्या वर्षी बघू."

सशाने वायर नीट गुंडाळून मुकादमाच्या हातात दिली. भिंतीकडे त्याने बघितलं नाही.

थोरला घरी पोचायच्या आत सगळ्यांच्या फोनवर टाळ्या सुरू झाल्या होत्या. अठरापैकी अठरा! बेकरीवाल्यांनी लिहिलं, ज्योतिषीबुवांना मानलं. पाणीपुरवठ्याच्या कप्तानाने लिहिलं, सख्ख्या भावालाही सोडलं नाही, याला म्हणतात निःपक्षपाती माणूस. त्याच्याखाली रोखपालाचा हात जोडलेला निरोप होता: "माझे शब्द मागे घेतो." गुरुवारपासून थोरल्याला नेमकं हेच ऐकायचं होतं. त्याने फोन उशीखाली घातला.

संध्याकाळी वहिनीने ताटं मांडली. तिला बाहेरून सगळं कळलं होतं, आणि ती दोघांशीही जरा जास्तच नेहमीसारखं बोलत होती. ससा उशिरा आला, हात धुतले, भिंतीकडची खुर्ची ओढून बसला, त्यामुळे थोरला त्याच्या उजव्या हाताला आला. 

मग थोरला म्हणाला, "माझं चुकलं. मी तुला नकाशाचं म्हणून सांगितलं, तेही खोटं होतं."

ससा घास चावत राहिला. "वहिनी, मीठ दे गं."

वहिनीने मीठ दिलं. "अरे, दादा काहीतरी म्हणतोय तुला." मग नवऱ्याकडे वळून हळू आवाजात, "त्या बाजूने ऐकू आलं नसेल हो त्याला. जरा मोठ्याने बोला की."

थोरल्याचा आवाज खर्जातला. सोमवारी काढलेल्या आलेखात खर्जाच्या जागी सशाची रेघ निरोगी माणसाच्या रेघेइतकी सपाट होती. ती कोसळत होती ती बरीच पुढे, पाखरांच्या, घड्याळाच्या, पत्र्यावरच्या पावलांच्या आवाजांपाशी. हातभर अंतरावरून, चार भिंतींच्या शांत खोलीत, डाव्या कानात बोळा घातला असता तरी ते वाक्य पोचलं असतं. हे त्या घरात एकट्या थोरल्यालाच माहीत होतं.

"बोला ना मोठ्याने," वहिनी म्हणाली.

"नको," थोरला म्हणाला. "ऐकू आलंय त्याला."

ससा ताटात मीठ कालवत होता.