आमच्या दोघांमधली बदकं

हसू नका, मित्रांनो. मी एक जुनी चड्डी आहे. साधीसुधी नव्हे, सायकलस्वाराची: काळी, अंगाला घट्ट बसणारी, गुडघ्याच्या जरा वर संपणारी आणि बसायच्या जागी आतून मऊ गादी शिवलेली. हेल्मेटचं कौतुक होतं, बुटांचं होतं, रंगीबेरंगी जर्सीबरोबर तर लोक हौसेनं फोटो काढतात. माझं नाव मात्र चारचौघांत घ्यायला सगळे लाजतात. या लाजण्यापायीच एका भल्या माणसाचे किती हाल झाले आणि एका सासऱ्याची शेवटची शर्यत कशी हातची जाता जाता राहिली, ते आज तुम्हाला सांगते.

माझा जन्म एका शिवणखोलीत झाला. लांब टेबलांवर यंत्रांची रांग होती आणि खिडकीशी बसणाऱ्या एका बाईंनी मला शिवलं. नव्या मुलींना त्या एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावायच्या, "शिवण कातडीला टोचता कामा नये गं. माणूस तासन्‌तास हिच्यावर बसणार आहे. तुमच्या हातची एक गाठ राहिली, तर तो वाटभर तुमचा उद्धार करील." म्हणून माझी प्रत्येक शिवण सपाट आहे. माझी गादी थेट कातडीला लागून राहावी अशी बेतलेली आहे. मध्ये दुसरं काही घालायचं नाही, हा आमचा पहिला नियम. तो नीट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं रामायण त्याच्यावरूनच झालं.

तिथून मी एका सायकलच्या दुकानात आले आणि हँगरवर लटकत गिऱ्हाइकाची वाट पाहू लागले. एका दुपारी दोघं जण आत शिरले. पुढे होते नाना. त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. अंगाने सडपातळ, पिंडऱ्या दोरखंडासारख्या पिळदार. मागे त्यांचा जावई. हा रेडिओवर बातम्या वाचायचा. आवाज भारदस्त, पण पोट थोडं सुटलेलं. नाना त्याला कौतुकाने 'जावईबापू' म्हणायचे, आणि दोघं एकमेकांशी इतक्या अदबीने बोलायचे की दारातून आधी कोणी आत जायचं यावरच दोन मिनिटं गेली.

गोष्ट अशी होती. त्या भागात दर वर्षी जोडीची सायकल शर्यत व्हायची. दोघांनी मिळून निघायचं, दोघांनी मिळून शेवटची रेषा ओलांडायची. एकटा पोहोचला तर काही उपयोग नाही. सगळ्यांच्या मागून एक गाडी यायची. तिच्या टपावर खराटा बांधलेला असायचा, म्हणून तिला सगळे झाडूगाडी म्हणायचे. तिने गाठलं की सायकल उचलून आत टाकायची, खेळ खलास. गेल्या वर्षी नानांच्या जोडीदार मित्राचा गुडघा वाटेतच आखडला आणि नाना झाडूगाडीतून परत आले. भर रस्त्यातून, खिडकीशी बसून! ते त्यांच्या फार जिव्हारी लागलं होतं. वयाची अट अशी की हे वर्ष त्यांचं शेवटचं, आणि मित्राने तर सायकल कायमची सोडलेली. तेव्हा जावई जेवता जेवता बोलून गेला होता, "नाना, मी येतो की तुमच्याबरोबर." बोलायला काय जातं, असं त्याला वाटलं असणार. पण नानांचा चेहरा असा उजळला की त्याला माघार घेता येईना.

दुकानाच्या मालकीणबाई स्वतः जुन्या सायकलस्वार. त्यांनी मला हँगरवरून काढलं, जावयाच्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "एक गोष्ट सांगून ठेवते हं. ही घालताना आत..."

"हो हो, माहितीये मला!" जावई घाईघाईने म्हणाला. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला होता. समोर परकी बाई, शेजारी सासरे, आणि विषय हा! नानाही एकदम घंट्यांच्या कपाटाकडे वळले आणि लहान मुलासारखे एकेक घंटी वाजवून पाहू लागले. बाईंनी खांदे उडवले आणि मला पिशवीत घातलं. त्यांना ते वाक्य पुरं करू दिलं असतं, तर ही गोष्टच घडली नसती.

पहिल्या रविवारी पहाटे त्याने मला चढवलं, आणि मी चाटच पडले. माझ्या आणि त्याच्या मध्ये तिसरंच कोणीतरी होतं! सुती अंडरवेअर, पिवळ्या रंगाची, तिच्यावर पांढरी बदकं. बायकोने गमतीने आणलेली होती म्हणे. बदकांबद्दल माझं काही म्हणणं नाही, मित्रांनो. पण त्या कापडाच्या कडेला दोरीसारखी जाड शिवण होती. माझी गादी बिचारी वरच्या वर, आणि खाली ती शिवण त्याला करकचून कापतेय. मी ओरडून ओरडून सांगितलं असतं, पण देवाने चड्डीला तोंड दिलेलं नाही.

मग दर रविवारी तेच. पहिला तास बरा जायचा. मग तो डावीकडे सरकायचा, मग उजवीकडे, मग पेडलवर उभाच राहायचा. नानांची नजर चष्मेवाल्याची, त्यांना केसाएवढा फरकही लगेच दिसायचा. "जावईबापू, सीट उंच होतेय का?" असं म्हणून ते खिशातला पाना काढायचे आणि सीट बोटभर खाली घ्यायचे. पुढच्या रविवारी वर. मग पुढे, मग मागे. मग सीटच बदलली. आणि दर वेळी जावई काय म्हणायचा? "वा नाना, आता अगदी छान वाटतंय!" सासऱ्यांनी एवढं मनावर घेतलंय, त्यांना वाईट कसं वाटू द्यायचं? सोमवारच्या बातम्या मात्र तो उभ्याने वाचायचा. ऐकणाऱ्यांना काय कळणार? उलट त्याच्या आवाजात हल्ली वेगळाच जोर आलाय, असं लोक म्हणायला लागले.

एक मात्र खरं, त्याने मला जीव लावला. घरी गेल्यावर गार पाण्यात स्वतः धुवायचा, पिळायचा नाही, सावलीत वाळवायचा. इतका गुणी माणूस आणि माझ्यामुळे त्रासात! मला त्याची मनापासून दया यायची आणि नियम न पाळल्याचा रागही यायचा. बाकी तयारी उत्तम चालली होती. चढाच्या रस्त्यावर तो आता धापा टाकत नव्हता. पोट उतरलं. नानांच्या मागच्या चाकाला चिकटून, वारा चुकवत कसं जायचं तेही शिकला. घोडं अडलं होतं ते फक्त बसायच्या जागी.

शर्यतीच्या आदल्या दिवशी तो सासुरवाडीला मुक्कामाला आला. संध्याकाळी दोघं पाय मोकळे करायला एक चक्कर मारून आले आणि सासूबाईंनी त्याचे कपडे हट्टाने धुवायला घेतले. गॅलरीतल्या दोरीवर मला चिमटा लावताना त्या थबकल्या. शेजारी बदकं लटकत होती. सासूबाईंनी नानांच्या असल्या चड्ड्या वर्षानुवर्षं धुतल्या होत्या. काय घालतात आणि काय घालत नाहीत, हे त्यांना पाठ होतं. त्यांनी नानांना गॅलरीत बोलावून घेतलं.

"अहो, जावई आतूनसुद्धा घालतात."

"काय घालतात?"

"ही बदकं."

नानांनी चष्मा नीट करून बदकांकडे पाहिलं. मग कपाळावर हात मारला. "अरे देवा! आणि मी बसलोय सीट वरखाली करत!"

"मग सांगा ना त्यांना."

"मी? मी कसं सांगू? तूच सांग."

"सासू असून जावयाला हे सांगू? काहीतरीच तुमचं!"

"मग मुलीला सांगायला लाव."

"नको हो. ती जन्मभर चिडवेल बिचाऱ्याला. उद्या सकाळी तुम्हीच हळूच सांगून टाका."

नानांनी खरंच प्रयत्न केला. सकाळी दारात म्हणाले, "जावईबापू, ते आपलं... टायरमध्ये हवा भरली ना?" जिन्यात म्हणाले, "एक विचारायचं होतं... पाणी घेतलंत?" सुरुवातीच्या रेषेवर तर अगदी कानाशी तोंड नेलं आणि म्हणाले, "ऑल द बेस्ट." दिवसभर गिऱ्हाइकांना तोंडावर सांगणारा हा माणूस की 'तुमचा नंबर वाढलाय', पण इथे त्याची जीभ टाळ्याला चिकटली. आणि आम्ही तिघं, म्हणजे तो, मी आणि बदकं, निघालो.

अर्धी शर्यत छान गेली. नंतर लांबलचक सपाट रस्ता लागला. चढावर माणूस उभा राहून पेडल मारू शकतो, सपाटीवर मात्र बसावंच लागतं. जावई बसायचा आणि विंचू चावल्यासारखा उठायचा. त्याचे दात करकरत होते, पण तोंडातून ब्र नाही. वेग कमी होत गेला. एकेक जोडी पुढे निघून गेली, आणि मग मागच्या वळणावर टपावरचा खराटा दिसला.

रस्त्याकडेला टायर दुरुस्तीचं दुकान होतं. जावई तिथे थांबला आणि उतरून हँडलवर डोकं टेकून उभा राहिला. "नाना, माफ करा," तो म्हणाला. त्या भारदस्त आवाजाची पार रया गेली होती. "माझ्यामुळे तुम्हाला परत त्या गाडीत बसावं लागणार."

नानांनी खराट्याकडे पाहिलं, जावयाकडे पाहिलं. मग त्यांनी पाठ फिरवली आणि आपल्या सायकलच्या हँडलकडे बघत मोठ्याने म्हणाले, "मी हे तुम्हाला सांगत नाहीये. हँडलला सांगतोय. या चड्डीच्या आत काही घालायचं नसतं."

जावयाने हँडलवरून डोकं वर केलं.

"काहीच?" जावयाने विचारलं.

"काहीच."

"म्हणजे इतके महिने मी..."

"इतके महिने तुम्ही, आणि इतके महिने मी गाढवासारखा पाना फिरवतोय. बोलत काय बसलात? पळा आत!"

जावई टायरवाल्याच्या मागच्या खोलीत पळाला. बाहेर आला तेव्हा बदकं जर्सीच्या पाठीमागच्या खिशात होती, आणि मी, मित्रांनो, पहिल्यांदा माझ्या जागी होते! शिवणखोलीतल्या बाईंनी मला ज्या कामासाठी शिवलं, ते काम मी त्या दिवशी, त्या रस्त्यावर पहिल्यांदा केलं. जुनं दुखणं काही लगेच गेलं नाही. पण तो सीटवर बसला, जरा थांबला, आणि त्याच्या तोंडून निघालेला "आहाहा!" टायरवाल्यानेसुद्धा ऐकला.

झाडूगाडी इतकी जवळ आली होती की तिचा ड्रायव्हर दार उघडायच्या बेतात होता. जावयाने त्याला हात करून टाटा केला. "नाना, आज मागे तुम्ही राहायचं," तो म्हणाला आणि वाऱ्याला छाती देऊन पुढे झाला. आजवर नाना पुढे असायचे आणि हा आडोशाला. आता नाना त्याच्या चाकाला चिकटले, आणि आम्ही असे सुटलो की विचारू नका. पुढे गेलेल्या दोन जोड्या गाठल्या. बातम्या वाचून वाचून कमावलेला त्याचा दम त्या दिवशी कामी आला. मी घामाने चिंब झाले होते, पण कुठे सुरकुतले नाही की सरकले नाही. आयुष्यात इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

रेषा दोघांनी बरोबरच ओलांडली. झाडूगाडी मागाहून आली, रिकामी. सासूबाई आणि मुलगी कठड्याशी उभ्या राहून ओरडत होत्या. नाना उतरले. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि चष्मा पार धुरकटला होता. आता, नानांचा एक कडक दंडक होता: चष्मा कधी शर्टाच्या टोकाने पुसायचा नाही, मऊ सुती कापडच हवं. जावयाला ते ठाऊक होतं. त्याने लगबगीने पाठीमागच्या खिशात हात घातला, रुमाल काढला आणि अदबीने पुढे केला. नानांनी दोन्ही काचा सावकाश, नीट पुसल्या, डोळे टिपले, चष्मा चढवला आणि हातातल्या कापडाकडे पाहिलं.

बदकं.

मुलगी किंचाळली, "अय्या, ही तर मी आणलेली!" सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. जावई होता तिथे गोठला. नानांनी त्या कापडाची व्यवस्थित घडी घातली, जावयाच्या हातात परत दिली आणि म्हणाले, "कापड मऊ आहे हो, जावईबापू." आणि मग दोघं एकमेकांच्या गळ्यात पडून असे हसले की सायकली आडव्या झाल्या तरी त्यांना भान नव्हतं.

त्या दिवसापासून त्या घरात कोणी आडून बोलत नाही. आमटी खारट झाली तर जावई खारट म्हणतो. नानांनी शर्यत सोडली, पण रविवार सोडलेला नाही. आता तर सासूबाईंनीही सायकल घेतलीय. चड्डी घ्यायला त्या त्याच दुकानात गेल्या आणि भर गर्दीत मालकीणबाईंना म्हणाल्या, "हिच्या आत काही घालायचं नाही ना? मग सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगत जा!"

मी मात्र आता थकले. माझी गादी चेपली, कमरेचं इलॅस्टिक सैल पडलं, काळा रंग विटून राखाडी झाला. जुन्या चड्ड्यांचं पुढे काय होतं, मला माहीत आहे: कापतात आणि साखळी पुसायचं फडकं करतात. माझी त्याला ना नाही. तेलकट होईन, पण त्या दोघांच्या सायकलींजवळ राहीन. एवढीच विनंती आहे, मित्रांनो. आम्हाला गार पाण्यात धुवा, पिळू नका, कडक उन्हात घालू नका. आणि तुमच्या शेजारी कोणी सारखं डावीउजवीकडे सरकत असेल आणि वर "छान वाटतंय" म्हणत असेल, तर त्याची सीट वरखाली करत बसू नका. त्याला सरळ विचारा. तोंडावर विचारायला लाज वाटली, तर हँडलकडे बघून विचारा.