खुर्चीतलं गिऱ्हाईक

दुपारचं ऊन मागच्या खोलीत शिरलं की कापसाचे बारीक तंतू हवेत तरंगायला लागत. बघत बसलं तर डोळ्यांवर झापड येई, अशी ती खोली. गाद्यांचं दुकान आता नावापुरतंच उरलं होतं. पुढच्या भागात मुलीने तयार उशा-चादरींचा धंदा मांडला होता, पण मागची खोली तिने आईसाठी जशीच्या तशी ठेवली होती. आई दिवसभर फरशीवर बसून एकाच जुन्या गादीला टाके घाली, स्वतःच उसवी आणि पुन्हा घाली. तिला काही घाई नव्हती.

आणि गादीवाला स्वतः? जन्मभर जमिनीवर मांडी ठोकून बसलेला हा माणूस आता खुर्चीत! मागच्या वर्षी पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं. ते जुळलं, चालणंही जमलं, पण मुलीने फर्मान काढलं, "बाबा, खाली बसायचं नाही. बसलात आणि उठता आलं नाही तर?" झालं. उंच पलंग, उंच खुर्ची, चहासुद्धा हातात. पोरीची माया हो, नाही कुठे म्हणतोय आपण? पण मायेनेही माणूस जागच्या जागी गंजतो, हे कुणी सांगायचं तिला!

तेही त्याने सोसलं असतं. पण त्या दुकानात पहिल्यापासूनची एक रीत होती. खुर्चीत बसतं ते गिऱ्हाईक, जमिनीवर बसतात ते घरचे. बायकोच्या डोक्यातून हळूहळू सगळं निसटत चाललं होतं. नावं गेली, चेहरे गेले, ही रीत मात्र पक्की राहिली. मग काय, ती मान वर करून अदबीने म्हणे, "बसा साहेब. मालक बाहेर गेलेत, येतीलच एवढ्यात."

"अगं, मीच आहे!"

"हो हो," ती हसे, उतावळ्या गिऱ्हाइकाला हसावं तशी. "येतीलच."

आपल्याच बायकोने आपल्याला साहेब म्हणावं!

खुर्चीत डुलकी लागली की एकच स्वप्न पडायचं. गादी शेताएवढी पसरलेली, वरून कापूस संथपणे उतरतोय, एका टोकाला तो, दुसऱ्या टोकाला ती. पूर्वीसारखंच दोघं दोन्हीकडून शिवत एकमेकांकडे सरकतायत. ती जवळ येई, तिच्या बांगड्यांचा आवाजही ऐकू येई, आणि जाग येई. बघावं तर आपण उंचावर, ती खाली.

खुब्यासाठी व्यायाम शिकवायला एक बाई येत. त्यांनी एकदा विचारलं, "आजोबा, काय जमायला हवंय तुम्हाला? लांब फिरायला जायचंय?"

"मला जमिनीवर बसायचंय. आणि आपलं आपण उठायचंय."

हे ऐकून मुलगी तडकली. "आणि पडलात म्हणजे?"

"पडेन तर जमिनीवरच ना? तिथेच तर जायचंय मला!"

बाईंना हसू आवरेना. मुलगी धुसफुसत पुढच्या दुकानात निघून गेली, पण नाही म्हणाली नाही.

मग सुरू झाला खटाटोप. खुर्चीतून उठ, बस, पुन्हा उठ. कठड्याला धरून पाय मागे ने. उशीवर एक गुडघा टेक. मांड्या लटलट कापत. गुडघा तर रुसलेल्या पाहुण्यासारखा, कितीही विनवा, ऐकायचंच नाही. गादीवाला त्याला शिव्या घाली, मग चोळून चोळून समजूतही काढी. पण भूक लागायला लागली, झोप गाढ झाली. एकदा तर जिना चढताना तो शीळ घालत होता. मुलीने ती ऐकली. पुढे बाईंसमोर खाली बसणं जमलं, उठणंही जमलं.

त्या दुपारी त्याने खुर्चीचा दांडा धरला. एक गुडघा टेकला, मग दुसरा. हात टेकून रांगत रांगत गादीच्या आपल्या टोकाशी गेला आणि हुश्श करून बसला. दारात मुलगी तोंडावर हात धरून उभी होती. त्याने लांब सुई उचलली आणि एक टाका घातला.

बायकोने खुर्चीकडे पाहिलं. ती रिकामी होती. मग त्याच्याकडे पाहिलं.

"आलात होय? किती वेळ लावलात हो!"

त्याने टाका ओढून घेतला. "झाला खरा उशीर."

"एक साहेब रोज येऊन बसायचे." तिने आवाज खाली आणला. "भले होते बिचारे. कधी कधी डोळे भरून यायचे त्यांचे."

"काय हवं होतं त्यांना?"

"कोण जाणे. इथे खाली, माझ्यासमोर बसायचं असावं. पण मी काही बसा म्हटलं नाही. आमच्या ह्यांची जागा आहे ती."

सुईतून निसटलेला दोरा तो पुन्हा ओवायला गेला, पण सुईचं नेढं काही केल्या दिसेना. तिने ती त्याच्या हातातून काढून घेतली.

"आणा इकडे," ती म्हणाली. "आणि सरका की जरा जवळ."